वेगळी पूजा

३ फेब्रुवारी
गुलबर्ग्याला रक्ताचा निकाल मिळाला. एचआयव्ही. रक्तातल्या लढणाऱ्या पेशी एक्क्याऐंशी – पाचशेच्या वर पाहिजेत म्हणे. लॉरीवरची ती वर्षं मी कुणाला सांगितली नव्हती. रक्तानं सांगितली!

डॉक्टर जयंती म्हणाल्या, "दहा-बारा वर्षं तुमचं शरीर सारखं पेटून लढतंय. त्या लढण्यानंच तुम्ही झिजलात." मग – "बायकोला घेऊन या. तिचंही रक्त बघू."

मल्लेश्वरीला कोणत्या तोंडानं सांगू?

४ फेब्रुवारी
गोळी सुरू. शुगरची म्हणून सांगितलं. "बरं," म्हणाली. कधी भांडत नाही.

९ फेब्रुवारी
पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले, तर मल्लेश्वरीच दिसली. पूर्वी पूजेला शेजारी बसायची. चार वर्षांमागं सोलापूरला गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून कोठीत दार लावून वेगळी बसते. मला जवळ येऊ देत नाही. वैराग्य आलंय तिला, असं मी गावभर कौतुकानं सांगतो. अशा बाईला मी हे दिलं असेल!

२६ फेब्रुवारी
ताप. मानेला लिंबाएवढ्या गाठी. लिंगाचा दोरा रुततो. गळ्यातून काढून घ्यायचंय का देवा?

सिद्धम्मा वहिनी आली होती. "मल्ली, भावजी निम्मे झाले अन् तू टवटवीत! सगळं तूच खायलीस का गं?" दोघी हसल्या.

१ मार्च
डॉक्टर म्हणाल्या, "ताकद परत येतेय. आत दडलेला टीबी त्या ताकदीला आता दिसला, म्हणून सूज. गोळी सोडू नका." बरं होणं असं असतं!

"बायको कुठंय?" – मी खाली पाहिलं.

२ मार्च
सांगितलं. पाय धरले. म्हटलं, तुझं रक्त तपासू, उद्याच. ती रडली नाही. "सकाळी पूजेला कोठीत या," एवढंच. चार वर्षांनी बोलावलं! क्षमा केली तिनं.

३ मार्च
विभूतीच्या डब्यामागून तिनं गोळ्यांची बाटली काढली. माझ्याचसारखी. अर्धी संपलेली.

"ऑपरेशनच्या टायमालाच कळलं."

"चार वर्षं! मी झिजायलोय दिसत व्हतं. मला कामून सांगितलं न्हाई?"

"तुमी सांगितलं व्हतं?"

तिनं गोळी गिळली. कपाळाला विभूती लावली.

"चला, भाकरी गार व्हायलीय."