एका निर्व्यसनी इंजिनाची हकीकत

काळेवाडी, पोस्ट चिंचवड
कोजागरीनंतरचा रविवार, १९५७

तीर्थरूप यशवंतमामांस,

भाची इंद्रायणीचा शिरसाष्टांग नमस्कार. बंगलोरच्या हवेने मामींचा गुडघा आता कुरकुरत नसावा आणि तुमच्या कारखान्यातली सगळी विमानं वेळच्या वेळी वर जाऊन वेळच्या वेळी खाली येत असावीत, अशी आशा करते. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. बैल क्षेम आहेत. पवनेला पाणी भरपूर आहे. आबांचा खोकला गेला. बाकीच्यांचं खाली सविस्तर लिहिते. पत्र उभ्या उभ्या वाचू नका.

तुम्ही छोट्या विमानाची पेटी पाठवलीत, तीत दोन इंजिनं, रेडिओचं यंत्र आणि सरकारी परवाना इतकं सगळं जपून बांधून दिलंत, पण ते मला कशासाठी हवं होतं हे मी उत्साहाच्या भरात तुम्हाला नीट लिहिलंच नव्हतं. (तुम्हीही विचारलं नाहीत. घरातल्या पहिल्या पदवीधराला कोणी काही विचारत नाही, त्याचे असे तोटे होतात.) आमच्या शाळेत मुलांना विज्ञान आहे, मुलींना नाही, कारण खोली नाही. खोली आहे, पण तिच्यात कांदे आहेत. ते मारुतरावांचे. मारुतराव शाळा समितीचे अध्यक्ष आणि चाकणच्या बाजारातले कांद्याचे व्यापारी, आणि ही दोन माणसं एकच असल्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न मिटलेला आहे. मी समितीपुढे उभी राहून खोली मागितली, तेव्हा ते म्हणाले, "बाई, पोरींनी सायन्स शिकून करायचं काय? त्यांना चूल पेटवता येती, तेवढं सायन्स पुष्कळ झालं." मला राग आला. राग आला की मी भाषण करते. मी म्हटलं, जमिनीवर उभ्या असलेल्या मुलीच्या बोटाचं आकाशातल्या वस्तूने ऐकणं म्हणजे विज्ञान. वाक्य चांगलं होतं. मारुतरावांनाही ते आवडलं, हेच वाईट झालं. "मग दाखवाच," ते म्हणाले, "दसऱ्याला शिलंगणाच्या माळावर सारं गाव असतंय. तुमचं इमान वर जाऊन कोलांटी मारून बटणाचं ऐकत खाली आलं, तर कांदा हलवतो. न्हाई आलं, तर पोरींना शिवणकाम."

मामा, आठवीत सात मुली आहेत. त्या दिवसापासून सातही जणी येता-जाता कांद्याच्या खोलीच्या फटीतून आत डोकावू लागल्या, जणू आत कांदे नसून फळा आणि परीक्षानळ्या आहेत.

तर इंजिनाची निवड. तुम्ही लिहिलं होतंत की कोलांटीला ताकद शिल्लक राहायला हवी. थोरलं इंजिन ताकदीचं आहे, पण त्याला स्पिरिट लागतं आणि त्याचा तापणारा प्लग सुरुवातीला बॅटरीवर पेटवावा लागतो. धाकटं डिझेल थोडं अशक्त, पण विमान हलकं ठेवलं तर तेही कोलांटी मारेल, त्याला प्लग नाही, बोटाने पंखा फिरवला की झालं. मी दोन्ही ओट्यावर मांडली. आबा बैलबाजारात फिरतात तसे त्यांच्याभोवती दोनदा फिरले, थोरल्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हे घे. छाती बघ याची." आईने मात्र एकच गोष्ट विचारली: ते पितं काय? मी खरं सांगितलं. (विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने खोटं बोलू नये, असं माझं मत आहे. या पत्रात ते पुढे पुन्हा येईल.) स्पिरिट हा शब्द ऐकताच आईने पदर सावरला. मुलखात दारूबंदी असताना पिणारं घरात घ्यायचं नाही, मग ते लोखंडाचं का असेना, असा तिने निकाल दिला. धाकट्याला काय लागतं? एरंडेल, रॉकेल आणि ईथर. "एरंडेल घेतंय?" आईचा चेहरा उजळला. "मग पोट साफ असणार. हे चांगल्या घरचं हाय." अशा रीतीने माझ्या इंजिनाची निवड जावई निवडतात तशी, निर्व्यसनीपणावर झाली. धाकटं वजनाला हलकं म्हणून निवडलं, असं मी समितीला सांगितलं. तेही खरंच होतं, फक्त ते कारण मला नंतर सुचलं.

पुढचे दिवस मी आठवू इच्छित नाही, पण लिहिते. कोंडाजींच्या दुकानातून मी दर आठवड्याला एरंडेलाची बाटली आणू लागले, तेव्हा त्यांनी आधी काळजीने आणि मग आदराने आमच्या घराची चौकशी सुरू केली. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी न सांगता ताकभात पाठवला. ईथर, म्हणजे डॉक्टरांची गुंगीची दवा, मी खडकीच्या एका डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून आणत असे. बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा माणूस दापोडीला उतरायचा असेल तरी पिंपरीपर्यंत झोपून येई. इंजिन बसवायला पक्की फळी फक्त गव्हाणीची होती. तिथे ते पहिल्यांदा पेटलं त्या दिवशी बैल दावं तोडून गेले ते पुनावळ्याला सापडले. पंख्याने माझी दोन बोटं फोडली. फळ्यावर लिहिताना खडू तिसऱ्या बोटात धरावा लागे आणि मुली माझ्या अक्षराला हसत नसत, यावरून त्यांना किती वाईट वाटत होतं हे मला कळे.

पण मामा, ते जमलं. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. तेल सोडणारी सुई जास्त उघडली की इंजिन तेल थुंकत गुदमरे, कमी उघडली की किंचाळून मरे. वरचा दाबाचा स्क्रू जरा जास्त आवळला की पंखा दगडासारखा घट्ट होई. नाक वर गेल्यावर इंजिन उपाशी पडू नये म्हणून सुई थोडी सैलच ठेवायची, हे तुमचं वाक्य मी गव्हाणीवर खडूने लिहून ठेवलं होतं. पितृपक्षातल्या एका संध्याकाळी त्याला असा सलग, गोड आवाज आला की आबा हातातली वैरण धरून तसेच उभे राहिले. सुईची ती जागा हरवू नये म्हणून खूण करायला रंग हवा होता. रंग नव्हता. मी आईच्या करंड्यातलं कुंकू घेतलं, एरंडेलात कालवलं, एक ठिपका सुईवर दिला आणि एक तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर. दोन ठिपके समोरासमोर आले की इंजिन बरोबर. आपण काहीतरी शोध लावला, असं वाटून मला त्या रात्री झोप आली नाही.

मग खंडेनवमी आली.

मी शाळेत होते, मुलींकडून पाटीपूजन करून घेत. घरी आले तर ओट्यावर पाट मांडलेला, त्यावर नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, आणि मधोमध झेंडूच्या माळेत माझं इंजिन, उघड्या तोंडाच्या टाकीसकट. आईने ते आधी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं होतं. पुसताना जे जे फिरतं ते ते फिरवून, खालूनवरून पुसलं होतं. मग पाचही बोटांनी कुंकू लावलं होतं. सुईवर कुंकू, स्क्रूवर कुंकू, जिथे माझा ठिपका होता तिथे कुंकू आणि जिथे नव्हता तिथेही कुंकू. नारळाचं पाणी शिंपडलं होतं. वरून अक्षता. "सगळ्या हत्यारांची केली," आई म्हणाली, "ह्या बिचाऱ्यालाच कसं वगळू? उद्या त्याच्यावर केवढं काम हाय." मी स्वतः सकाळभर पाट्यांना फुलं वाहून आले होते. अक्षता किती वाहिल्या असं विचारलं, तर ती म्हणाली, "मोजून कोण वाहतं, बाई?" मी इंजिन उघडलं, रॉकेलने धुतलं, दाणे वेचले, आणि सुई कानाने लावली. आवाज जवळजवळ तसाच आला. जवळजवळ या शब्दावर मी पुढे कधीतरी स्वतंत्र पत्र लिहीन.

दसऱ्याला माळावर सारं गाव होतं. पोलीस पाटलांनी परवाना उलटसुलट पाहून विचारलं की हे गोव्यापर्यंत जातं का, म्हणजे पोर्तुगीजांचं एकदाचं उरकता येईल. मी नाही म्हटल्यावर त्यांचा रस कमी झाला. इंजिन पहिल्याच फटक्याला पेटलं. आबांनी विमान हातातून सोडलं आणि ते, मामा, गेलं. आपट्याची पानं हातात घेतलेल्या माणसांनी माना वर केल्या. पुरेसं उंच गेल्यावर मी हातातल्या यंत्राचं बटण दाबून धरलं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे ते गिरक्या घेत खाली येऊ लागलं. बायका ओरडल्या. मी बटण सोडलं, आणि त्या वेगात त्याने नाक वर उचललं, सरळ वर चढलं, उलटं झालं. सात मुली एका आवाजात किंचाळल्या. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कारण त्यानंतर दुसरा आवाजच नव्हता. इंजिन बंद पडलं होतं. कोलांटीच्या ऐन माथ्यावर, उताणं.

ते कोसळत, सावरत माणसांच्या दिशेने येऊ लागलं. मी बटण दाबलं. त्याने ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. माणसांवरून वळलं, माळाच्या कडेला आलं, आणि शाळेच्या कौलांतून आत गेलं. कोणत्या खोलीत, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मारुतराव पोट धरून हसले. "बटणाचं ऐकतंय हो, बाई! बरोबर माझ्या कांद्यावर धाडलंत!" गाव हसलं. मुलींनी एकेक करून माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं, सोनं घ्या असंही न म्हणता. सुट्टी संपल्यापासून त्या काजं करायला शिकत आहेत. सात जणींपैकी एकीचंही काज सरळ येत नाही, याचा मला आनंद होतो आणि आनंद होतो याची लाज वाटते.

घरी येऊन टाकी कापून पाहिली. मी इंजिन धुतलं होतं, टाकी धुवायची राहिली होती. आत एक कुंकू लावलेला तांदळाचा दाणा होता. विमान सरळ असताना तो तळाशी निवांत पडून होता. उलटं झालं तसा घरंगळत येऊन नळीच्या तोंडावर बसला. मी राजीनामा लिहून ठेवला आहे. ज्या बाईला टाकी धुवायचं सुचत नाही, तिने मुलींना काय शिकवायचं? मामींना नमस्कार. तुमच्या कष्टांचं असं झालं, याबद्दल क्षमा असावी.

आपली आज्ञाधारक भाची,
इंद्रायणी

ता. क. दोन्ही इंजिनं कोणाबरोबर तरी परत पाठवते. थोरलं अजून कोरं आहे. आईने ते गोठ्यात टोपलीखाली झाकून ठेवलंय. धाकट्याचं कुंकू निघत नाही, एरंडेलात कालवल्यामुळे असेल.

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात परतीचा पाऊस दोन दिवस कोसळला. कौलं कोणी बसवली नव्हती. कांदा भिजला, मग सडला. काल मारुतरावांनी नाक दाबून पाच गाड्या भरून तो हलवला. खोलीत असा वास आहे की शिवणकामाच्या बाईंनी तिथे पाऊल टाकायला नकार दिला, म्हणून समितीने ती एकमताने मुलींच्या विज्ञानाला दिली. मला उभं राहून आभार मानावे लागले. सोमवारी पहिला तास. डोळ्यांतून पाणी येतं, पण मुली म्हणतात चालेल. तेव्हा राजीनामा नाही आणि इंजिनंही पाठवत नाही.

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. मी टाकी कापली तेव्हा आई शेजारीच होती. तिने तो दाणा पाहिला, ओळखला, आणि आत गेली. त्या दिवसापासून तिने भात सोडला आहे. आबा चेष्टा करतात, ती हसत नाही. "माझ्या हातानं लेकीचं इमान पडलं," एवढंच म्हणते. मी सांगितलं, चूक माझी, टाकी मी धुतली नाही. ती म्हणते, मी तिच्यासाठी खोटं बोलते आहे. खोली मिळाल्याचं सांगितलं, तरी पानात भाकरीच. मामा, तुम्ही तिचे भाऊ, शिवाय विमानाच्या कारखान्यातले. तुमचं ती ऐकेल. तिला एक पत्र लिहा की ते इंजिन मुळातच खोटं होतं, तुम्हीच घाईत खराब नग पाठवलात, आणि तांदळाच्या एका दाण्याने इंजिन कधीही बंद पडत नाही. तुमच्या इंजिनात काडीचा दोष नव्हता हे मला माहीत आहे. तरी लिहा. तिला वाचता येत नाही, पत्र मीच वाचून दाखवणार. हे सगळं मी कोऱ्या कागदावरूनही वाचून दाखवू शकले असते. पण मला नसलेलं वाचता येत नाही. म्हणून तुम्ही लिहा, लवकर लिहा, आणि अक्षर मोठं काढा.