टँकरच्या वहीतली मायची सही

९ मार्च, नांदेड
सरांनी प्रबंधाचा मसुदा पास केला. दुष्काळातला पाण्याचा हक्क, आणि क्षेत्र माझंच गाव. मुखपृष्ठावरचा फोटो त्यांना फार आवडला. माय टँकरच्या वहीत पाणी पोचल्याची सही करतेय, पदर डोक्यावर, जीभ दाताखाली. "महिला सहभाग! हेच पाहिजे." दहावीच्या सुट्टीत मीच शिकवली तिला सही, चुलीपुढं कोळशानं गिरवून. लातूरच्या एका संस्थेत जागा आहे म्हणाले. उदगीर जिल्हा झाला की तिथलं काम तुझ्याकडंच. आमच्या घरात आजवर कुणी खुर्चीवर बसून काम केलेलं नाही. मेसमध्ये आज पोटभर जेवले.

१२ मार्च
छपाईच्या दुकानात फोटो मोठा केला. वहीचं पान वाचता येऊ लागलं. एकेका तारखेला दोन खेपा, सकाळ आणि दुपार. दोन्हींपुढं मायची सही. फोटो काढला तेव्हा मी आठ दिवस गावी होते. दुपारी टँकर एकदाही आला नाही.
दुकानदार म्हणाला, "रंगीत काढू का?" फोटो तसाच पिशवीत घालून बाहेर आले.
मायला फोन. "टँकरवाला बालाजी कर म्हणतो, करते. तुला काय करायचं हाय त्याचं?" आणि बंद केला.

१४ मार्च, गावी
काल एसटीनं उदगीर, पुढं देवणीची जीप. मायला सरळ विचारलं, दुपारची खेप कुठं जाते?
"मंगल कार्यालयाला."
ही चोरी आहे म्हटलं.
"हाव, चोरीच हाय. पर पयला पाइप आपल्या भीमनगरात सोडतो त्यो. आधी शेवटाला गाळ यायचा, गाळ. शिकून इसरलीस का?"
विसरले नाही. सकाळी त्याच पाण्यानं अंघोळ केली होती. दिवसभर अंगाला वास येतोय असं वाटत राहिलं.

१५ मार्च
टँकर आला. टँकर सरपंचाच्या साडूचा, बालाजी नुसता चालवतो. मला बघून म्हणाला, "ताई, तुम्ही मानवाधिकारवाल्या न्हाई का? मग आमचा बी एक अधिकार लिवा, चहाचा." बाया हसल्या. मीपण हसले. का हसले?
मग सांगितलं त्यानं सहज, "मावशीला सही येती म्हणून बरं हाय. नुसते अंगठे दिसले की वरून चौकशी लागती." माय दोन ओळींवर सही करत होती. वळणदार, माझ्या अक्षरासारखी. मी शिकवली नसती तर.

१७ मार्च, नांदेड
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. "संशोधनात घरचं आणू नये." मग म्हणाले, "फोटो मात्र राहू दे, बोलका आहे." मी तक्रार करणार म्हटल्यावर शांतपणे विचारलं, "वहीत नाव कुणाचं आहे? पहिली कोण अडकेल?"
खरं आहे ते. म्हणूनच जास्त किळस आली. त्यांची, आणि लगेच गप्प बसले त्या माझी. दोन वर्षं हक्कांची कलमं पाठ केली, आणि इथं तोंड उघडेना.
खोलीवर येऊन गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. मायचा उल्लेख टाळून, 'गावातील एका महिलेच्या सह्या घेऊन' असं. प्रबंध सोमवारी द्यायचाय.

१९ मार्च, गावी
मायला अर्ज वाचून दाखवला. भाकरी थापता थापता ऐकलं तिनं.
"माझं नाव कुठं हाय ह्यात?"
नाही घातलं.
"मग तू बी खोटंच लिवलीस की."
आणि भाकरी तव्यावर टाकली.

२० मार्च
बालाजीनं नेहमीसारखी वही पुढं केली. मायनं हात पदराला पुसला आणि अंगठा पुढं धरला.
"मावशी, पेन धर की."
"सही इसरले बाबा."
"काल तर केलीस."
"काल येत होती."
त्यानं वही मिटली. मग पाइप गुंडाळला आणि गाडी वरच्या आळीकडं घेऊन गेला. आमच्याकडं एक ड्रम भरला नाही. शेजारची गयाबाई काकू मायला सोडून माझ्याकडं वळली. "शिकीवली पोरगी. आता पिऊन राहा तिच्या पुस्तकातलं." बाकीच्या बाया घागरी घेऊन उभ्याच होत्या. कुणाकडं बघायचं कळेना.
माय हंडा घेऊन शिवारातल्या विहिरीकडं निघाली. मी मागनं. जाऊन येऊन दोन तास, हंडा अर्धा.
दुपारी अर्ज पुन्हा लिहिला. 'एका महिलेच्या' खोडून मायचं पूर्ण नाव घातलं. खाली दोन सह्यांची जागा सोडलीय, एक माझी, एक तिची. माय समोरच बसलीय, तळपायातला काटा काढत. तिनं पेन मागितला नाही. मी पुढं केला नाही.
उद्या सकाळी टँकर येईल.