दाराशी उभा ट्रॉम्बोन

सोम. ४ फेब्रु. १९४६, भिंगार

१. काल सकाळी कँपातल्या क्लबात बँडच्या कायतान मास्तरांच्या तीन चालींचे रेकॉर्डिंग. आठ वादक. तबकडी कोरायचे यंत्र मी चालवले.
२. मास्तरांचे पितळी वाद्य, ट्रॉम्बोन, फार भरदार. कोरणारी सुई हलून शेजारच्या रेघेत शिरते.
३. म्हणून त्यांना माइकपासून बारा पावले मागे, दाराशी उभे केले.
४. तिन्ही तबकड्या स्वच्छ.
५. नंतर एकदाच लावून पाहिल्या. ट्रॉम्बोन जवळजवळ ऐकू येत नाही.
६. मास्तरांना सांगितले नाही. तबकडी वाजवली की झिजते, म्हणून त्यांनी ऐकायलाही मागितली नाही. "देव बरें करूं, बाय," असे कोंकणीत आभार मानून गेले.

बुध. ६

तबकड्या मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीला जायच्या. पार्सलला खोका मिळाला नाही, असे मास्तरांना सांगितले. खोका टेबलाखाली आहे.

त्यांनी मुंबईच्या आपल्या जुन्या रेकॉर्डी आणल्या. चार. लेबलावर बँडच्या मालकाचे नाव. "चाली माझ्या. सगळ्या वादकांचे सुरांचे कागद मीच लिहिले." लावल्या. ट्रॉम्बोन भिंतीपलीकडे असल्यासारखा. ग्रामोफोनची सुई तपासली. नवी होती.

शुक्र. ८

झोप नीट नाही. क्लबात झाडणारी गंगूबाई आज म्हणाली, "ताई, त्या मास्तरला दाराशी का हुबं केलं हुतं? शिक्षा केल्ती व्हय?"

सुईसाठी, म्हटले.

"सुईपायी मानूस भाइर! मला मातर लई झ्याक ऐकू आलं. मी पायरीवरच बसल्ते."

म्हणजे त्या दिवशी मास्तरांना ऐकले ते फक्त गंगूबाईने.

रवि. १०

दिवसभर आकडेमोड. आवाजाचे बटण दोन खुणा खाली. मास्तर चार पावलांवर, तिरपे. सुई टिकेल. थोडी खरखर येईल. हे तेव्हाच करता आले असते. वायरलेसच्या वर्गात शिकवलेही होते. पण मला तबकडी निर्दोष हवी होती. पहिलेच काम, आणि बाई काय कोरणार म्हणणारे आमच्या वर्कशॉपात पुष्कळ.

मंगळ. १२

सांगितले. तबकडी लावून दाखवली. मास्तर शेवटपर्यंत उभे राहून ऐकत होते.

"मुंबईतही दाराशीच उभं करायचे, बाय. बारा वर्षं. मला वाटलं, शास्त्रच असं."

पुन्हा रेकॉर्डिंग करू, म्हटले. नको म्हणाले. का?

"पुढं उभा राहिलो, आणि तरी काही ऐकण्यासारखं नसलं तर?"

ते टोपी विसरून गेले.

बुध. १३

टोपीबरोबर चिठ्ठी पाठवली. नक्कल:

"मास्तर, चूक माझी होती, शास्त्राची नव्हे. त्या तीन तबकड्या मी मुंबईला पाठवणार नाही. कोरी तबकडी एकच उरली आहे, म्हणून चाल एकच घेता येईल. कोणती, ते तुम्ही ठरवा. रविवारी सकाळी क्लब मोकळा आहे. सोमवारी वादक घरी जायच्या बोटीसाठी मुंबईला निघतात, त्यानंतर जमणार नाही. तुमची जागा मी खडूने आखली आहे, माइकपासून चार पावलांवर. खरखर येईल. येऊ दे. होय किंवा नाही, शनिवार ता. १६ च्या संध्याकाळपर्यंत कळवावे."