शिसपेन्सिलीचा ठिपका

३ मार्च
सात वेळा निवडून आलो आणि आज उमेदवारीसाठी बाकावर तीन तास! आत पक्षाचा अध्यक्ष – एकेकाळचा माझा लेखनिक. माझी पत्रं टाइप करता करता मोठा झाला. शेवटी बाहेर आला, माझा हात धरला. "साहेब, तुम्हाला सोडून दुसऱ्याचं नाव कसं देईन?" असं गोड बोलायला मीच शिकवलं त्याला.

५ मार्च
ही म्हणते, "अहो, एवढं म्हणतोय तर ठेवा ना विश्वास." हिला काय माहीत! पस्तीस वर्षांत मी कुणालाच नाही म्हटलं नाही. येईल त्याला शिफारसपत्र दिलं. काम खरंच व्हायला हवं असेल तर सहीखाली शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका. ठिपका नसला की अधिकारी पत्र बाजूला टाकायचे. पुढे पक्षातही हीच रीत पडली.

ताईच्या जावयाच्या बदलीच्या पत्रावर मी ठिपका दिला नव्हता. त्या जागी दुसऱ्याला बसवायचं होतं. तरी ताईनं आभाराचं पत्र पाठवलं. अजून खणात पडलंय. फाडवत नाही.

८ मार्च
वरच्या समितीकडे गेलेल्या पत्राची झेरॉक्स ड्रायव्हरनं मिळवून आणली. माझं नाव, चार ओळी स्तुती, खाली अध्यक्षाची सही. ठिपका नाही. भिंग लावून पाहिलं – नाही. गुरूची विद्या गुरूला!

९ मार्च
त्याचे चार फोन. एकही उचलला नाही. आता समजूत काढणार असेल.

१० मार्च
पत्रकारांसमोर राजीनामा दिला. त्याला पाठीत सुरा खुपसणारा म्हटलं. अपक्ष लढणार. ही म्हणाली, "एकदा बोलून तरी घ्यायचं होतं." मी ताटावरून उठलो.

१४ मार्च
अर्ज भरला. बरोबर अकरा माणसं, त्यातली चार घरची. पूर्वी रस्ता बंद करावा लागायचा.

२७ एप्रिल
डिपॉझिटही गेलं. ज्यांच्या पोरांना नोकऱ्या लावल्या, त्यांच्या गल्लीत नऊ मतं. गरज सरो, वैद्य मरो.

संध्याकाळी ताईचा फोन. "वाईट वाटलं रे. तू आमच्यासाठी केवढी धडपड केली होतीस." फोन हिच्या हातात दिला.

३० एप्रिल
अध्यक्षानं पाकीट पाठवलं. चिठ्ठी नाही, नुसतं मूळ पत्र. वर समितीचा शेरा – मंजूर, ९ मार्च. सहीखाली शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका. झेरॉक्समध्ये उमटू नये म्हणून अगदी हलक्या हातानं द्यायचा, हे तीस वर्षांपूर्वी मीच त्याला सांगितलं होतं.