वडशाचा काटा

४ जाने. २००५
धान भरडून आणलं. मंग कॉम्पुटर. सून मागं ठेवून गेली तो. रेल्वेचा खेळ हाय, पण लाईन आपली आपणच टाकाची. ह्यायच्या डोळ्याचं आपरेशन झालं, दोन्हीवर पट्टी, म्हणून हे सांगते न् मी टाकते. सिंदेवाही ते नागभीड झालं. तुकड्याले तुकडा लागत नाई, मधात फट राह्यते न् गाडी जमिनीत जाते.
"नीट जोड व, फट दिसून राह्यली."
"पट्टीतून?"
हसले. लई दिवसानं.

६ जाने.
नागभीडचा काटा. गाडी एका लाईनवरून दुसरीवर जाते तो. ह्यायची सारी नोकरी तोच ओढण्यात गेली. काल म्हणे डावीकडं टाक. टाकला. आज म्हणे उजवीकडं होता.
"एक काई तरी सांगा."
"मी तेच तं सांगून राह्यलो."
खोडला, पुन्हा टाकला. माऊस मीच उलटा धरला का, पाह्यलं. सरळच होता.

८ जाने.
लाईन वडशापर्यंत गेली. हे म्हणे, आता इथून आरमोरीले जाणारी फाटी टाक.
आरमोरी माझं माहेर. तिथी रेल्वे कधी गेलीच नाई. लोकं मागून मागून थकले. तसं सांगितलं.
"काऊन नाई? लग्न करून तुले त्याच गाडीत आणली. खिडकीपाशी बसली होती. हिरवं लुगडं."
लुगडं हिरवंच होतं. आलो बैलगाडीनं.
मस्करी करून राह्यले म्हणून तोंडाकडं पाह्यलं. नाई.
सुनेले नागपूरले फोन लावला, आरमोरीची लाईन टाकू का म्हणून. खरखर लई. "वडशापाशी काटा, आई", एवढंच ऐकू आलं. बरं. टाकला.

९ जाने.
काटा टाकला तं पुढं लाईनबी पाह्यजे. आरमोरीपर्यंत ओढली. दोन जागी हवेत लटकते, राहू दे. स्टेशन माझ्या बाबाच्या धानाच्या बांधीतच ठेवलं, धान गेलं तं गेलं. ह्यायले सांगितलं, झाली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.
पण मी हे काय करून राह्यली

११ जाने.
सून आली. कॉम्पुटर पाहून कपाळाले हात.
"आई, हे काय? मी काटा म्हणली होती न."
"मंग टाकला न काटा."
"तो काटा नाई व आई. लाईन तिथीच काटून टाका म्हणली. खोडा."
दोघी हसलो. मंग चुलीपाशी तिले लुगड्याचं सांगितलं, नागभीडचं सांगितलं. तिचं हसू गेलं.
"बाबाले डोळ्याच्याच नाई, दुसऱ्याबी डॉक्टरले दाखवा लागते. अन् तुमी हाव ले हाव करू नका. ते फाटी काटा. आता तरी समजलं न?"
समजलं. पण काटली तं हे विचारतीन, गाडी कुठी गेली. ठेवली तं मीबी त्यायच्यासंगं… काई सुचत नाई. म्हटलं, पट्टी निघू दे.
सून दुपारच्या गाडीनं गेली.

१३ जाने.
पट्टी निघाली. घरी आल्याबरोबर खेळापाशी. मी गाडी चालवली, वडशाले थांबवली. डोळे बारीक करून पाहत राह्यले.
"हे फाटी कोनं टाकली? आरमोरीले कुठी रेल्वे हाय?"
माऊस सोडून देला.
"मीच."
"काऊन? माहेराची एवढी घाई?"
"तुमीच म्हणले होते."
"मी कायले म्हणन? बैलगाडीत आणली तुले. धक्क्यानं लाडवाचा डबा सांडला, सारे लाडू रस्त्यावर."
हाव. सांडला होता. मलेच आठवत नव्हतं.
खोडाले गेली तं म्हणे, राहू दे, मेहनतीनं टाकली.
सुनेले फोन करून सांगावं म्हटलं, काई नाई, पट्टीच्या अंधारानं तसं झालं होतं. डॉक्टर नको. फोन उचललाबी.
तेवढ्यात चाय उकळली, फोन बाजूले ठेवून आधी ह्यायले चाय द्याले गेली. बाहेर बाजेवर बसले होते. टोपी घातली, थैली मांडीवर, फलाटावर बसल्यासारखे.
म्हणे, "आज गाडी लेट दिसते."
आत येऊन फोन ठेवून देला. कोणती गाडी, विचारलं नाई.