लॅपटॉपमधली रिकामी जागा

अहो,

कुकरच्या शिट्टीनं घरातली शांतता मोडली आणि वेदू उठली, म्हणून घाईत लिहिते.

तुमच्या दोस्तानं, भूपेंद्रभाऊंनी, लॅपटॉप दुरुस्त केल्यापासून आमचा गाड्यांचा गेम अडकतो. वेदूची गाडी वळणावरच थांबते. तुम्ही म्हणालात, "तूच काहीबाही भरून ठेवलं असशील." म्हणून मी मागचं झाकण उघडलं. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, आता एकच आहे.

दोस्ताला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसणार नाही. लॅपटॉप माझ्या भावानं मला दिलाय. दोनच्या एसटीनं वर्ध्याला भूपेंद्रभाऊंच्या दुकानात जातो आहोत, पट्टी घेऊनच येऊ. वरण-भात कुकरमध्येच आहे.

वेदू चपला घालून दारात उभी आहे. विचारते, "आई, काकानं पट्टी काढली ते बाबाले माहीत होतं काय?"

ज्योत्स्ना