झग्याच्या बाह्या

मंगळवार, ता. ९

प्रिय बाळ्या,

प्रभूमध्ये सलाम. तू बरा असशीलच. पळून गेलेल्यांचं सहसा बरंच चालतं. आम्हीही ठीक. नळ गळतोय, धाकटीचा दात पडला, आई झोपून असते.

तुझा पत्ता दूधवाल्यानं दिला. त्याच्यावर डाफरू नकोस, मीच हात धुऊन मागे लागले होते.

प्रभू अमुक रविवारी परत येणार, असं तू मंडळीला छातीठोक सांगितलंस, आणि मास्तरांनी शाळेचा राजीनामा दिला. आईनं सगळ्यांना पांढरे झगे शिवले. आम्ही झग्यात, तू कोटात, अंधार पडेपर्यंत मैदानात उभे! आलं कोण? राखणदार, फाटक लावायला. दुसऱ्या दिवशी तू गायब. सगळ्यांसमोर "चुकलो" म्हणाला असतास तर जीभ झडली असती का तुझी? मास्तर अजून मला रस्त्यात थांबवून विचारतात, "उपदेशक कसे आहेत?" काळजीनं विचारतात रे. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आणि आई! ती अजून वाट पाहते. एकदा मी भडकलेच, म्हटलं, "पुरे आता, कोणी येत नाही." तर म्हणते कशी, "तारीख बाळ्यानं दिली होती. वचन प्रभूनं दिलंय." नातवंडांच्या झग्यांना तिनं आतून भरपूर माया सोडली होती, वाढत्या अंगाला पुरावी म्हणून. तू माईकवर गर्जत होतास तेव्हा ही मशीनवर बसून, पोरं मोठी होणार हे धरूनच शिवत होती. तुला बोलली नाही. तू ऐकत होतास कोणाचं?

डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. हे लिहायचं नव्हतं मला. तू दया येऊन यावंस असं नको होतं, लाज वाटून यावंस असं हवं होतं. जाऊ दे.

काल तिनं स्वतःचा झगा माझ्याकडून इस्त्री करून घेतला. "पुरताना हाच घाला. प्रभू हाक मारील तेव्हा शोधाशोध नको." सकाळी लवकर उठून गावाला जायचं असावं, तशी म्हणाली. मला हसू आलं, मग न्हाणीघरात जाऊन रडले. आणि खरं सांगू? तिथं मला पहिल्यांदाच वाटलं, कबरीतून उठेल ही. नक्की उठेल. तुझ्या इतक्या उपदेशांनी जे झालं नाही ते तिच्या एका वाक्यानं झालं, आणि त्याचाही मला तुझाच राग येतो.

एक झगा अर्धवट पडलाय. तुझा. सगळ्यांची मापं झाली, तुला तेवढा वेळ नव्हता. की मनातून तुलाच खात्री नव्हती? बाह्या अंदाजानं जोडते म्हटलं, तर आई माझा हात झटकते. "तो आला की माप घेऊ." टेप तिनं उशीखाली ठेवलीय.

प्रभूची घटका कोणालाच ठाऊक नाही. तुझ्या गावाहून बस मात्र रोज सकाळी सुटते.

ये. दारात मी तोंडाला येईल ते बोलेन, ते मान खाली घालून ऐक. मग आत जा, आणि आईसमोर हात लांब करून उभा राहा.

संतापलेली, पण तुझीच,
ताई